उजवा कोपर

डावा कोपर चाचणीचा आणि उजवा शून्याचा, हे बारकीला पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं होतं, तेलांच्या नावांच्याही आधी. नवं मिश्रण झालं की ते बदामाच्या साध्या तेलात पुरेसं पातळ करायचं, त्याचा एक ठिपका डाव्या हाताला, कोपराच्या आत जिथे हात दुमडतो त्या खळग्यात लावायचा आणि चोवीस तास थांबायचं. कातडी लाल झाली, चुणचुणली, की मिश्रण बाद. उजव्या कोपराला मात्र काही म्हणजे काही लावायचं नाही. दिवसभर अर्काच्या बाटल्या हुंगून नाक थकतं, लिंबू कुठे संपलं आणि लव्हेंडर कुठे सुरू झालं तेसुद्धा कळेनासं होतं, तेव्हा उजव्या कोपरात नाक खुपसून तीन सावकाश श्वास घ्यायचे.

"तिथे तुझा स्वतःचा वास असतो," मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "आणि स्वतःचा वास माणसाला कधी येत नाही. म्हणून ती जागा म्हणजे शून्य. वजनकाटा वापरायच्या आधी शून्यावर आणतेस ना, तसं नाकाला आणायचं."

बारकी हे तिचं घरातलं नाव. तिच्या ताईने ठेवलेलं, आईने उचललेलं, आणि लग्नानंतर नवऱ्याने हुंड्यात मिळाल्यासारखं आनंदाने वापरायला घेतलेलं. आता ती एकतीस वर्षांची होती, रसायनशास्त्राची पदवी कपाटात होती, नऊ महिन्यांची मुलगी, ठकू, पाळण्यात होती, तरी बारकी ती बारकीच. तिलाही त्याचं फारसं नवल वाटत नसे. आपण आई झालो आहोत ही बातमी आपल्याला कुणीतरी चुकून दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवली असावी, असं तिला अधूनमधून वाटे. आणि एक दिवस खरी आई दारात येऊन उभी राहील, तेव्हा आपण काय तोंड दाखवणार, असंही.

सुगंधी तेलांच्या दुकानामागच्या लांबट खोलीत तिचं टेबल होतं. भिंतीशी गडद तपकिरी बाटल्यांच्या रांगा, कारण उजेडाने अर्क बिघडतात. मधे काटा, ड्रॉपर, हुंगायच्या कागदी पट्ट्या. आणि वही, जिच्यात प्रत्येक मिश्रणाचा प्रत्येक थेंब लिहिलेला असे. थेंब ओठांनी मोजायचे, मनात नाही, कारण मन भटकतं आणि ओठ भटकत नाहीत. निव्वळ अर्क कातडीवर लावायचा नाही. लिंबाचा, संत्र्याच्या जातीचा अर्क चोळून उन्हात जायचं नाही, चट्टे उठतात. आणि लहान मुलांच्या तेलात शंभर भागांना अर्धा भागसुद्धा अर्क जाता कामा नये, त्यातही पेपरमिंट आणि निलगिरी तर मुळीच नाही. तान्ह्याच्या नाकाशी त्यांची वाफ गेली तर श्वास अडकू शकतो. हा शेवटचा नियम बाळंतपणाआधी तिला पाठ होता. बाळंतपणानंतर तो तिच्या पोटात जाऊन बसला.

कामावर परतल्याला चार महिने झाले होते आणि ते चारही महिने ती चिडलेली होती. नेमकी कुणावर, ते ठरत नव्हतं. तिच्या रागाला पत्ताच नव्हता. जो दार उघडेल त्याच्या घरात तो टाकला जाई. नवऱ्यावर, कारण तो शांत झोपतो. मालकीणबाईंवर, कारण त्या "सावकाश कर" म्हणतात. बटण तुटलेल्या झबल्यावर. पण बहुतेक वेळा ताईवर, कारण दार बहुतेक वेळा ताईच उघडत असे.

ताई तीन वर्षांनी मोठी, एकटी राहणारी, कशावरही हसणारी. "मुलगी सांभाळायला मी येते दोन महिने, तू जा कामाला," म्हणून आली आणि आता चौथा महिना सरत आला होता. तिने घर असं हातात घेतलं की बारकीला स्वतःच्याच स्वयंपाकघरात चमचा शोधावा लागे. ठकूही तिच्याकडे रमली. बारकी संध्याकाळी आली की पहिला प्रश्न एकच विचारी, चपलाही न काढता.

"हात धुतलेस?"

"अगं बारके, मी काय परकी आहे का?" ताई खांदे उडवून हसे, ते हसणं आधी नाकातून निघे आणि मग घशात उतरे. "सकाळपासून दहा वेळा धुतले. तूच ये धुऊन. तेलांच्या वासाने तिला शिंका येतात."

शिंका येत असतीलही. पण हे ताईने सांगावं! बारकी मोरीत जाऊन साबण हातांना इतका घासे की बोटं सुरकुतत, आणि आरशात दिसणाऱ्या बाईला मनातल्या मनात सुनावी: दिलीस ना मुलगी दुसऱ्याच्या कडेवर, आता रागावतेस कुणावर?

त्या मंगळवारी मालिशतेलाची मागणी होती. बारा बाटल्या, तान्ह्या मुलांसाठी, नुसतं बदामतेल आणि त्यात लव्हेंडर, तेही नावापुरतं. सोपं काम. चौथ्या बाटलीनंतर नाक जड झालं, म्हणून तिने सवयीने बाही सरकवली आणि उजव्या कोपरात नाक खुपसलं.

तिथे वास होता.

फार नव्हता. उन्हात वाळलेल्या सुती कापडाचा असतो तसा, किंचित दुधाळ, आणि तळाशी बारीकशी करपट कड, जणू कुणीतरी इस्त्री क्षणभर जास्त टेकवली असावी. वाईट म्हणावा असाही नाही. तिने डोळे उघडले, कोपराकडे पाहिलं. कातडी कोरडी, स्वच्छ. सकाळच्या गडबडीत चाचणीचा ठिपका चुकून उजव्या हाताला लावला असणार, दुसरं काय! बाळंतपणात मेंदूही निम्मा बाहेर पडतो, असं ताई म्हणायचीच. बारकीने नळाखाली कोपर घासला, पुसला, दहा मिनिटं थांबली आणि पुन्हा हुंगला.

वास तिथेच होता. उलट पाण्याने तो अधिक स्वच्छ झाला होता, काच पुसल्यावर पलीकडचं दिसावं तसा.

तिने तो ओळखायचा प्रयत्न केला, कारण तेच तिचं काम. वर काय, मधे काय, तळाशी काय. लव्हेंडर नाही. देवदार नाही. वाळा? तोही नाही. बाटल्यांच्या तीन रांगा तिने मनातल्या मनात उघडून झाकल्या आणि मग तिच्या लक्षात आलं की हा बाटलीतला वासच नव्हे. हा माणसाचा वास होता. कुणाचातरी.

"बाई, जरा बघता?" तिने कोपर पुढे केला.

मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर सारला, वाकल्या, हुंगलं. "काय बघू?"

"वास येतोय ना?"

"तुझा येतोय. नेहमीचा."

"नेहमीचा म्हणजे?"

"म्हणजे तुझा. गेली पाच वर्षं शेजारी बसतेयस, मला ठाऊक नाही होय तुझा वास?" त्या हसल्या. "कपड्याची घडी आणि दूध. बाळ झाल्यापासून दूध जरा जास्त."

बारकीने हात मागे घेतला. ते वर्णन बरोबर होतं. तंतोतंत बरोबर होतं, आणि तेच चूक होतं. परगावाहून आल्यावर दार उघडताना क्षणभर आपल्या घराचा वास आपल्याला येतो, कारण त्या क्षणी आपण बाहेरचे असतो. मग आपण आत शिरतो आणि तो वास जातो. तो जायला हवा. तिचा जात नव्हता.

"मग मला कसा येतोय?" तिने विचारलं, पण मालकीणबाई तोवर फोनवर बोलायला लागल्या होत्या.

ती तणतणतच घरी आली. दार उघडं होतं आणि खिडकीशी, पाठमोरी, ताई उभी होती, अंगात बारकीचा निळा गाऊन, खांद्यावर ठकू.

"माझा गाऊन?"

"माझे वाळले नाहीत. सकाळी विचारलं तर तूच म्हणालीस, घाल म्हणून."

म्हणाली होती का? सकाळी ती काय काय म्हणाली, याची यादी ठेवायला तिला कुणी ठेवलं नव्हतं. तिने ठकूला घ्यायला हात पुढे केले. ठकूने तिच्याकडे पाहिलं, ओठ खाली वळवले, आणि जे रडं काढलं ते भुकेचं नव्हतं, झोपेचं नव्हतं. डॉक्टर पांढरा कोट घालून वाकले की ती रडते, तसलं होतं ते.

"दे इकडे," ताई म्हणाली. ताईकडे जाताच रडं थांबलं. अर्ध्यावर. नळ बंद करावा तसं.

"तू काहीतरी करतेस तिला!" बारकी ओरडली.

"मी? काय करणार मी?"

"मला माहीत नाही. पण करतेस."

एरवी ताई हसली असती. त्या दिवशी नाही हसली. तिच्या गालांवर लाल ठिपके उमटले आणि ती दातांत शब्द धरून म्हणाली, "दिवसभर मी असते हिच्याजवळ. तू चार तास येतेस आणि आल्या आल्या ओरडतेस." नवरा तेवढ्यात जिन्यावरून आला, दारातूनच निळ्या गाऊनच्या पाठीला म्हणाला, "बारके, चहा आहे का गं?" आणि ताई वळली तशी त्याने जीभ चावली. "अरे, तू होय! घरात आता दोन दोन बारक्या झाल्यात. आवाजही एक, चिडणंही एक. माझं काही खरं नाही."

तो एकटाच हसला.

त्यानंतरचे दिवस बारकीने कोपराशी भांडण्यात घालवले. साबण बदलला. कपड्यांचा साबण बदलला. दोन दिवस अंगाला साधं पाणी सोडून काही लावलं नाही. वास रोज सकाळी हजर, शेजारच्या खाटेवर कुणी झोपून गेल्यासारखा कोमट. मग तिने वेगळंच सुरू केलं: ठकूच्या डोक्यात नाक खुपसून बघायचं. त्या टाळूचा वास तिने जन्मल्या दिवशी घेतला होता, आणि हजार मुलांत डोळे बांधून सोडलं असतं तरी तिने आपली शोधून काढली असती, अशी तिची एकमेव खात्री होती. इतर बाबतींत ती स्वतःला पास होण्यापुरते गुण देत असे. आता त्या टाळूला वासच येत नव्हता. मऊ केस, ऊब, आणि बाकी कोरा कागद. तेवढ्यात ठकू रडायला लागे आणि ताई येऊन तिला उचलून दुसऱ्या खोलीत नेई.

शनिवारी सकाळी मालकीणबाईंनी तिला आत बोलावलं. टेबलावर मालिशतेलाच्या बारा बाटल्या होत्या, सगळ्या उघडलेल्या.

"ह्या तू भरल्यास?"

"हो."

"हुंग."

तिने हुंगलं. बदाम. लव्हेंडर, थोडंसं. "बरोबर आहे की."

मालकीणबाईंनी एक कागदी पट्टी बुडवली आणि तिच्या नाकाशी धरली. पाच वर्षांत त्या कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. "पेपरमिंट आहे ह्यात. बाराच्या बारा बाटल्यांत! मला दुकानात बसून आला वास, आणि तुला नाकाशी धरूनही येत नाही? तान्ह्या मुलांचं तेल आहे हे. छातीला चोळणार होत्या आया. पाठवायच्या आधी मी झाकणं उघडते म्हणून, नाहीतर…"

"मी पेपरमिंट घातलं नाही."

वही उघडी होती. तिचं अक्षर. लव्हेंडरच्या खाली, तिच्याच वळणाचं, गोल डोक्याचं 'प'. पुढे थेंबांचा आकडा.

"मी नाही लिहिलं हे." राग इतका वर आला की तिचे कान गरम झाले. "मी असं करीन का? माझ्या घरात बाळ आहे!"

"तेच म्हणतेय मी. तुझ्या घरात बाळ आहे. आणि हसतेस काय गं?"

बारकीने तोंडावर हात ठेवला. ती हसत होती. आधी नाकातून, मग घशात.

"घरी जा," मालकीणबाई अखेर म्हणाल्या, बाटल्या एकेक करून मोरीशी नेत. "आठ दिवस बाटलीला हात लावू नकोस. नाक शून्यावर येऊ दे."

ती चालत निघाली. भर दुपार होती, रस्ता पांढराफेक, दुकानांची निम्मी दारं ओढलेली. चालता चालता तिला सगळं उमगत गेलं, निदान रागात उमगतं तसं. काट्याचं शून्य हललं की पुढचं प्रत्येक वजन चुकतं, आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो. तो आपला ऐटीत आकडा दाखवत राहतो. तिचं शून्य हललं होतं. हललं म्हणजे नाहीसं झालं नाही, कुठेतरी गेलं. घेतलं कुणीतरी. माझा गाऊन, माझी खिडकी, माझी मुलगी. तिने मुठी वळल्या. आज ताईची बॅग भरायची. आजच्या आज. रडली तरी, आईला फोन केला तरी.

दार तिने किल्लीने, आवाज न करता उघडलं.

आतल्या खोलीत जमिनीवर चादर अंथरली होती आणि तिच्यावर ठकू उघडी, पाय हवेत नाचवत, आनंदात. शेजारी ताई मांडी घालून बसली होती. पुढ्यात वाटीत बदामाचं तेल, हातात लव्हेंडरची ती बाटली जी बारकीने कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली होती. बारकी दारातच थांबली.

ताई थेंब मोजत होती. ओठांनी. एक. थांबून, वाटीकडे बघत, पुन्हा एकदा सगळ्या तेलाचा अंदाज घेत. बस, एकच. बाटलीचं झाकण लगेच घट्ट. मग काडीने तेल ढवळलं, आणि त्याचा एक ठिपका स्वतःच्या डाव्या कोपराच्या खळग्यात लावला, जिथे आधीच कालच्या ठिपक्याभोवती पेनाने काढलेलं गोल वर्तुळ होतं. आणि मग तिने उजवी बाही वर सरकवली, मान झुकवली आणि उजव्या कोपरात नाक खुपसून डोळे मिटले.

ताईने आयुष्यात अत्तराची बाटलीसुद्धा विकत घेतली नव्हती. ह्यातलं काहीच बारकीने तिला कधी सांगितलं नव्हतं.

"कुणी शिकवलं तुला हे?"

ताई दचकली नाही. "शिकवायचं काय त्यात?" ती म्हणाली, अजून डोळे मिटूनच. "नाक थकलं की करायचं."

बारकी दोन ढांगांत तिच्याजवळ पोहोचली, गुडघ्यांवर बसली आणि तो उजवा हात मनगटाशी धरून तिने हिसकला. पाच दिवसांचा, चार महिन्यांचा, कदाचित त्याहून जुना सगळा राग तिच्या बोटांत उतरला होता. ताईच्या कातडीवर पांढरे वळ उठले. तिला ओळखायचंच होतं एकदाचं. साबण, घाम, चोरी, जे काय असेल ते. तिने तो कोपर चेहऱ्याशी ओढला आणि खोल श्वास घेतला.

काही नव्हतं.

तिने दुसरा घेतला. तिसरा घेतला. तिथे काहीच नव्हतं. ना ऊब, ना कापड, ना दूध. एखाद्या रिकाम्या, धुतलेल्या, कोरड्या बाटलीत असावी तशी नुसती हवा. शून्य.

आणि मग, कितीतरी दिवसांनी, तिचं नाक उघडलं. आधी तिच्याच बोटांवरचं पेपरमिंट आलं, इतकं धारदार की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग वाटीतलं लव्हेंडर, त्याच्याखाली बदाम. चादरीचा साबण. खिडकीच्या गजांवरचं ऊन लागलेलं लोखंड. आणि ह्या सगळ्याच्या खाली, पाचव्या दिवशी पहिल्यांदाच, ठकूच्या टाळूचा तो वास, स्पष्ट, पूर्ण, जसा पहिल्या दिवशी होता तसा. तिला हुंदका आला. तिने ताईचा हात सोडला आणि मुलीकडे दोन्ही हात पसरले.

ताईने ठकूला झटक्यात उचलून छातीशी धरलं आणि मागे सरकली. तिचे गाल लाल झाले होते, नाकपुड्या फुलल्या होत्या, आणि तिच्या खांद्यावरून ठकू बारकीकडे पाहत होती, ओठ हळूहळू खाली वळवत, एखाद्या नव्या माणसाकडे पाहावं तशी.

"हात धुतलेस?" ताईने विचारलं.

बारकीने आपला राग शोधला. आता तर तो हवा होता. पण छातीत जिथे तो बसलेला असे तिथे मोकळं, हलकं वाटत होतं. खांदे आपोआप वर उडाले, आणि तिला ते ताईचं हसू स्वतःतून येताना ऐकू आलं, आधी नाकातून, मग घशात उतरत.

"अगं बारके," ती म्हणाली, "मी काय परकी आहे का?"